नाल्यावरचं प्रेम

पर्यटनाच्या नियोजनात लोकांना सहभागी कसं करून घ्यायचं, हे मी विद्यापीठात शिकवतो. यंदा मुलांनी नाल्याकाठची वस्ती निवडली. तिथे माझी मावशी राहते, म्हणून तिलाच पुढे केलं. मोबाइलवरच्या नकाशावर, जिथे काही सांगायचंय तिथे बोट ठेवून खूण करायची, खाली दोन शब्द लिहायचे, एवढंच काम. मावशीने अख्खी गल्ली कामाला लावली. नाल्यावर लाल खुणांचा सडा पडला: वास मारतो, डास फोडून काढतात, मेलेलं कुत्रं फुगलंय, झाका एकदाचा.

सादरीकरणात गटप्रमुख मुलीने नकाशा पडद्यावर लावला. लाल खुणांनी नाला नुसता पेटला होता.

"सर, सगळ्यात जास्त खुणा इथे. म्हणजे लोकांचं सगळ्यात जास्त प्रेम इथे."

"खाली काय लिहिलंय, वाचलंस का?"

"मजकूर धरलाच नाही, सर. सॉफ्टवेअर फक्त खुणा मोजतं."

योजना तयार होती. नाल्यावर लाकडी सज्जा, बाकं, सेल्फीसाठी चौकट. सज्जा नेमका मावशीच्या स्वयंपाकघरावर येत होता. मी तोंड उघडेपर्यंत पालिकेच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख कानाशी लागले, "आता फाटे फोडू नका. लोकांनीच मागितलंय."

संध्याकाळी मावशीला सांगितलं.

"ही घाण बघायला माणसं येणार?"

"हो."

"माझा ओटा पाडून?"

"नकाशा तसं म्हणतो."

"अरे, तू शिकवतोस तरी काय त्यांना?"

दुसऱ्या दिवशी मी त्या गटप्रमुख मुलीला गाठलं. ती म्हणाली, "सोपं आहे, सर. खुणा पुसल्या की सज्जा आपोआप हलतो. पण मग तक्रारीही जातील."

"म्हणजे त्या तक्रारी होत्या, हे मान्य?"

"तसं बघितलं तर हो."

मावशीने पुन्हा गल्ली गोळा केली. नाकाला रुमाल लावून बायकांनी आपापल्या खुणा पुसल्या. सज्जा सरकून दुसऱ्या क्रमांकाच्या प्रेमावर, म्हणजे कोपऱ्यावरच्या कचराकुंडीवर गेला. स्वयंपाकघर वाचलं. नाला झाकण्याचं काम पालिकेने यादीतून काढून टाकलं, कारण रहिवाशांची काही तक्रारच उरली नव्हती. गटाला वरची श्रेणी द्यावी, असा विभागप्रमुखांचा निरोप आला; मी दिली.

त्या दिवशी मावशीने मला जेवायला थांबवलं. खिडकी घट्ट लावून तिने कांदा परतायला घेतला. कांदा लाल झाला, करपला. वास नाल्याचाच येत राहिला.