बाबांचं शेवटचं लॉगिन

ब्रेल छापखान्याच्या मागच्या खोलीत मी नव्या सर्व्हरसमोर बसले होते आणि बाबांचं मशीन उठत नव्हतं.

मशीन म्हणजे हाताला लागेल अशी वस्तू नव्हे. एका सर्व्हरच्या पोटात असे पाच-सहा संगणक चालतात. प्रत्येकाला वाटतं की आपली वेगळी डिस्क आहे, वेगळं नेटवर्क कार्ड आहे. हे सोंग खालून जो वठवतो त्याला हायपरवायझर म्हणतात. छापखान्याचा जुना सर्व्हर कुरकुरायला लागला होता, तो बंद करायचा होता, आणि नव्यावरचा हायपरवायझर वेगळ्या जातीचा होता. निवृत्तीनंतर बाबांनी इथे बसून गणिताचं ब्रेल करणारा प्रोग्राम लिहिला होता, एकेक चिन्ह मास्तरकाकांच्या बोटांखाली तपासून घेत. तो याच मशीनवर चालायचा. मशीन नव्या जागी उठलं नाही, तर बाजारातला तयार प्रोग्राम घ्यावा लागणार होता. त्याबद्दल काकांचं मत ठरलेलं होतं.

“अपूर्णांकांची पार वाट लावतो तो. वर्गमूळ वाचायला बोट ठेवावं, तर खाली टेलिफोन नंबर लागतो.”

मास्तरकाका छापखान्याचे प्रमुख, जन्मापासून अंध. पलीकडच्या टेबलावर ते आणि आई मुद्रितं तपासत होते. आई मूळ पुस्तकातून मोठ्यानं वाचते, काका ठिपक्यांवर बोटं फिरवून ताळा करतात. बाबा गेल्यापासून ती रोज येते.

“काय म्हणतंय?” काकांनी विचारलं.

“डिस्क सापडत नाही म्हणतंय.”

“आहे ना पण?”

“समोरच आहे. ओळखत नाही.”

“माझ्यासारखंच की. समोर असून काय उपयोग.”

आई हसली. “मास्तर, बोट हलवू नका, ओळ जाईल.”

डिस्क का सापडत नव्हती हे मला माहीत होतं. ऑफिसात मी हेच काम करते. मशीन जुन्या जागी जिवंत असतानाच आत शिरायचं. नव्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम त्याच्या सुरू होण्याच्या शिदोरीत बांधून द्यायचा. डिस्क कुठल्या खाचेत बसली आहे यावरून नव्हे, तर तिच्या स्वतःच्या खुणेवरून ओळखायला शिकवायचं. जुन्या जागेची अवजारं काढून टाकायची, आणि मगच हलवायचं. यातलं मी काहीही केलं नव्हतं. बाहेरूनच सगळं जसंच्या तसं उचलून आणलं होतं.

“तयारी करून का नाही आणलंस?” आईनं विचारलं. बाबांच्या सहवासात तिला एवढं कळायला लागलं होतं.

“त्यासाठी आत जावं लागतं.”

“मग जा की. पासवर्ड नाही का?”

“आहे. बाबांनीच दिलाय.”

वाचन थांबलं.

“आत गेलं की पहिल्याच ओळीत ते सांगतं, शेवटचं कधी आणि कुठून कुणी आलं होतं,” मी म्हणाले. “त्या खात्यातून बाबांशिवाय कुणी कधी गेलेलं नाही. मी गेले की ती ओळ एकदा दिसेल. पुढच्या वेळी तिथे मी असेन.”

“पुसली जाते?” काकांनी विचारलं.

“नाही. खोल कुठेतरी नोंद राहते. पण दारात नसते.”

काकांनी कागदाची कड चाचपली. “तुझ्या बाबांच्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नव्हतो. मध्ये कुणीतरी बसलंच. खुर्ची करकरली आणि मला वाटलं, आले. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता बसू देतो. करकरायला तरी कुणी हवं ना तिला.”

“आणि ज्या मुलांसाठी ही पुस्तकं, त्यांची शाळा उद्या सुरू होतेय,” आई म्हणाली. “ओळ राहिली आणि प्रोग्राम बुडाला, तर तुझे बाबा मलाच बोलले असते, लक्ष कुठे होतं म्हणून.”

मी नवं मशीन बंद केलं. जुन्या सर्व्हरवरचं सुरू केलं. बाबांचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि ओळ मोठ्यानं वाचली. मंगळवार, दुपारी तीन, घरच्या संगणकावरून. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीचं होतं ते.

“दुपारी तीनला?” आई म्हणाली. “डॉक्टरांनी झोप सांगितली होती. दार लोटून, फोन बंद करून मी बाहेर राखण करत बसले होते.”

“मग?”

“मग काय. आतून खटखट ऐकू येत होती. मी म्हटलं, मांजर असेल.”

“आपल्याकडे मांजर कुठे आहे?”

“तेच तर,” आई म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला.

त्यानंतर माझे हात नीट चालले. ड्रायव्हर घातला, शिदोरी नव्यानं बांधली, नेटवर्कची जुनी ओळख सोडवली, अवजारं काढली. बाबांनी डिस्क खाचेच्या नावानं लिहिली होती. ती ओळ मी खोडली नाही, तिच्यापुढे एक चिन्ह टाकलं. अशी ओळ मशीन वाचत नाही, माणसाला मात्र वाचता येते. तिच्याखाली मी माझी लिहिली.

मशीन बंद केलं आणि नव्या सर्व्हरवर उतरवायला लावलं. तोवर आमचा चहा झाला. काकांनी कपात साखर कमी असल्याची तक्रार केली आणि आईनं ती साफ नाकारली. मग मी मशीन सुरू केलं. या वेळी डिस्क सापडली.

पुढच्या खोलीत छपाईयंत्र ठोके देऊ लागलं. पहिलं पान आईनं आणून काकांसमोर ठेवलं. त्यांचं बोट सरकलं, मागे आलं, पुन्हा सरकलं.

“तीन छेद चार,” ते म्हणाले. “बरोबर. वहिनी, पुढचं वाचा.”

पानं संपल्यावर ते माझ्याजवळ आले. त्यांच्या संगणकावर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे. “मलाही आत जायला शिकव,” ते म्हणाले. “दर वेळी तुला कुठे बोलावू?”

मी पासवर्ड सांगितला. त्यांनी आपल्या संगणकावर बसून तो सावकाश टाकला. पहिली ओळ आली आणि तो सपाट आवाज ती वाचू लागला.

“रविवार म्हणतंय. मागच्या खोलीतून,” काका म्हणाले. “म्हणजे तू.”

“हो. आणि उद्या तुम्ही.”

“उद्या कशाला,” ते म्हणाले. “बाहेर पडून आत्ताच परत आत जातो की.”