डाव्या पायावर

"सांग ना अक्काला, पाय कसे जागे झाले ते," इंद्रजीत म्हणाला आणि बायकोच्या खुर्चीवरची उशी त्याने उगाच सारखी केली.

संध्याने नेहमीचं सांगायला घेतलं. मल्टिपल स्क्लेरोसिसने नसा खराब होऊन पाय बधिर झाले होते. मग एका खासगी दवाखान्यात पाठीच्या कण्यात स्टेम सेल सोडल्या आणि हळूहळू तळव्यांना फरशी गार लागायला लागली. फरशी कसली गार न् काय! तेव्हा नवरा डोळ्यांत प्राण आणून विचारत होता, "कळतंय का काही?" आणि तिच्या तोंडून 'हो' निघून गेलं. ते सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत पोचलं. आज नणंद गीताबाई चितेगावहून सून घेऊनच आली. अपेक्षा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तिलाही हाच आजार.

"सोमवारी त्याच दवाखान्यात नेतोय हिला," गीताबाई म्हणाली. "ते म्हणले, आधीच्या गोळ्या बंद करा. केल्या बंद. तुझ्याकडं बघून जीव भांड्यात पडला बघ."

बोलावं की गिळावं? संध्याने गिळलं, आणि स्वतःचीच किळस येऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"अगं संध्या, सून कवाची वाकलीय. आशीर्वाद तर दे."

तिने दचकून खाली पाहिलं. तिच्या पायांवर हात ठेवून अपेक्षा वाकलेली होती. हात लागल्याचं संध्याला कळलंच नव्हतं. शरमेने तिचे कान तापले.

"लक्ष नव्हतं गं माझं," ती म्हणाली.

अपेक्षा उठली नाही.

"मामी, जरा डोळे मिटता का?" तिने हळूच विचारलं. "आता सांगा, माझा हात कुठल्या पायावर हाय?"

संध्याने डोळे मिटले. बराच वेळ ती आपले पाय शोधत राहिली. मग कानाशी इंद्रजीतचा श्वास जाणवला.

"डाव्या," तो पुटपुटला.

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. एकमेकांचं मन राखत दोघं खोटं बोलत बसले होते, आणि आता ही पोर त्यात चालली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं संध्याला झालं. तिने डोळे उघडले.

"नाय कळत, पोरी. कधीच कळलं नाय. तू गोळ्या आजच चालू कर."

गीताबाईने पदर तोंडाला लावला. अपेक्षा मात्र रडली नाही. पायावरचा हात तिने तसाच ठेवला.

"आणि तुमच्या गोळ्या, मामी? चालू केल्या परत?"

संध्याच्याही तेव्हापासून बंदच होत्या. बऱ्या झालेल्या माणसाने गोळ्या कशाच्या मागायच्या?

इंद्रजीत दारापाशी जाऊन चपला घालत होता.

"जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी कुठं ठेवलीय?" त्याने विचारलं. त्याची मान खालीच होती.