बाहेरून कडी

आपल्या लॉजच्या काउंटरवर कलीमचं आधार कार्ड वामनरावांनी दुसऱ्यांदा उलटून पाहिलं, आणि त्यांना पोलिसांकडून आलेलं ते पत्र आठवलं. लॉजमध्ये लहान मूल आलं की नातं विचारा, मुलाशी वेगळं बोला, शंका आली तर १०९८ या बाल हेल्पलाइनला कळवा. शेवटी एक प्रश्न आणि उत्तराची विनंती. वामनरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. वाचत असलेल्या पुस्तकात ते पत्र खूण म्हणून पडून होतं.

काउंटरपलीकडे कलीमशेजारी एक मुलगी पिशवी घट्ट धरून उभी होती. नजर खाली. वामनरावांना ती नजर पटली नाही.

"पोरगी तुमची कोण?"

"माझीच हाय. मलिहा. उद्या डोळ्याच्या डॉक्टरले दाखवाचं हाय."

"तिले बोलू द्या."

मलिहाने मान वर केली. "अब्बू हायेत. तुम्ही पोलीस हाय का?"

वामनराव ओशाळले. तरी तिला बाकापाशी नेऊन त्यांनी आईचं नाव, गाव, शाळा विचारली. गाव पिंपळगाव राजा, कार्डावर होतं तेच. सगळं जुळलं.

कलीमने किल्ली उचलली. "सगळ्याइले इचारता का हो चाचा, का आमालेच?"

वामनरावांनी चष्मा पुसायला घेतला.

थोड्या वेळाने कलीम एकटाच खाली आला.

"चाचा, आमच्या बाजूच्या खोलीले बाहेरून कडी हाय. अंदर पोरगी हाय. पाणी मागून राह्यली."

बाजूची खोली सिंधूताईंची. सकाळी आल्या तेव्हा त्यांनी वामनरावांचं आडनाव विचारून मेहकरकडचं नातं काढलं होतं, वाकून नमस्कार केला होता. सोबतची भाची, लग्नाला चाललो, म्हणाल्या. वामनरावांनी मुलीचं नावही विचारलं नव्हतं. आता बाई तिकिटं काढायला मलकापूर स्टेशनवर गेल्या होत्या.

वामनरावांनी वर जाऊन कडी काढली. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. दिलेलं पाणी तिने एका दमात संपवलं.

"मावशीनं कोंडलं का तुले?"

"ते माही मावशी नोहे. कामाले लावून देतो म्हनते. कुठं, ते नाही सांगत."

त्यांनी तिला मलिहाजवळ बसवलं आणि खाली येऊन १०९८ लावायला फोन उचलला. पहिल्यांदा नंबर चुकला. दुसऱ्यांदा लागला. पोलीस निघतात, तोवर बाईला थांबवा, पलीकडून सांगितलं.

थांबवायचं कसं? पाहुण्यांशी दोन वाक्यांपुढे ते कधी बोलत नसत.

सिंधूताई घाईने आत आल्या. "काका, हिशेब करून ठेवा, पोरीले घेऊन येतो, गाडी हाय आमची."

"बसा. पोरगी तुमची कोण?"

"सांगतलं ना. भाची."

"तिच्या आईचं नाव?"

त्या हसल्या. "आपल्याच माणसाले असं इचारता का?"

"हाव," वामनराव म्हणाले. "सगळ्याइले इचारतो."

बाईंचं हसू थांबलं. त्या दाराकडे वळल्या. दारात कलीम उभा होता. तो बाजूला झाला नाही. बाहेर पोलिसांची जीप येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी पुस्तकातलं पत्र काढलं, पानाचा कोपरा दुमडला. पत्रातला शेवटचा प्रश्न होता : मूल सोबत असलेल्या प्रत्येक पाहुण्याकडे आपण चौकशी करता काय?

त्यांनी 'होय' लिहिलं. मग ते खोडून खाली 'कालपासून' असं लिहिलं, आणि पत्र चौकातल्या टपालपेटीत टाकून आले.