बी.ए. (चालू)

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे कंसात ‘बी.ए. चालू’ असं छापलेलं आहे. हा कंस माझ्या सासऱ्यांचा. १९९६ साली त्यांनी तो जुन्नरच्या छापखान्यात स्वतः उभं राहून घालून घेतला. सासरे म्हणजे के. बी. कुटे गुरुजी, घोडेगावकडच्या एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक. केरू भागाजी हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगारपत्रकात. बाकी सगळीकडे के. बी. मुलगी पदवीधरालाच द्यायची असा त्यांचा पण होता आणि मुलीला, म्हणजे तेजस्विनीला, मी पसंत होतो. खोटं न बोलता पदवीधर जावई मिळवायची त्यांनी ही युक्ती काढली. बी.ए. चालू होतं हे खरंच होतं. दुसऱ्या वर्षाला होतं, आणि पुढची आठ वर्षं ते तिथंच चालू राहिलं. पेठेत माझी ओळख ‘कुटे गुरुजींचा चालू जावई’ अशी करून देत, आणि ऐकणारा हसायचा तो हसायचाच.

मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवू नये अशी जुनी रीत आहे. आम्हाला दोन मुलं झाली तरी गुरुजी जेवेनात. त्यांनी रीत सुधारून घेतली होती: जावयाला पदवी मिळेपर्यंत जेवायचं नाही. महिन्याकाठी यायचे, खुर्चीत ताठ बसायचे, पाणी प्यायचे, “बी.ए. कुठवर?” एवढं विचारायचे आणि घोडेगावची एसटी पकडायचे. त्यांना मासवडी आवडते म्हणून तेजस्विनी दर वेळी पहाटे उठून मासवड्या थापायची. त्या मी खायचो. दोन दिवस पुरायच्या. ती मात्र त्या दिवशी नीट जेवायची नाही, आणि मला ते दिसत असून मी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घ्यायचो. मी काही फार चांगला माणूस नव्हतो.

नोकरी होती. मोहनलाल शेठच्या कापडदुकानात मी १९९२ पासून होतो. गादीवर बसून ठाणं उलगडायची, मोजायची, पुन्हा गुंडाळायची. माझं खरं काम बस्त्याचं. लग्नाचे कपडे घ्यायला घाटघरपासून तळेघरपर्यंतची घराणी जीप भरून यायची: नवरदेव, दोन्हीकडचे मामा, चुलते, रुसलेल्या आत्या, आणि न रुसलेल्या पण रुसायच्या तयारीनं आलेल्या आत्या. कुणाला लुगडं, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाचा मान आधी, कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही, हे सगळं मला पाठ होतं. याची परीक्षा कुठलंच विद्यापीठ घेत नाही, म्हणून मी अशिक्षित.

२००३ साली शेठचा मुलगा कल्पेश पुण्याहून शिकून आला आणि गादी काढून काच बसवली. तयार कपड्यांची शोरूम. त्यानं मला चहा पाजला, माझं खूप कौतुक केलं, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, आता काउंटरला ग्रॅज्युएट लागतील. काचेआड त्यानं चार प्लास्टिकचे पुतळे उभे केले होते, त्यांतल्या दोघांना डोकंसुद्धा नव्हतं. त्यांना पदवी विचारली का, हे मी विचारलं नाही. मोहनलाल शेठ मान खाली घालून नुसते पट्टी पुशीत होते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि मला त्यांचाच जास्त राग आला.

तीस वर्षांच्या बेकाराला फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे सल्ला. एक म्हणाला, कोंबड्या पाळ. एक म्हणाला, कॉम्प्युटर शिक. एक म्हणाला, विम्याचा एजंट हो. तो स्वतः एजंट होता आणि तालुक्यात विमा न घेतलेला मी एकटाच उरलो होतो. गुरुजींचा सल्ला जुनाच होता. बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म भरा, पदवी काढा, संस्थेत कारकुनाची जागा मी बघतो. वर उदाहरण ठरलेलं: प्रा. कुशाबा घोलप. गुरुजींचा विद्यार्थी, एम.ए. दोनदा, शिवाय बी.एड. एम.ए. दोनदा का करावं लागलं हे मला कधी कळलं नाही, पण या कुशाबाचं नाव मी जेवणाआधीच्या श्लोकासारखं सात वर्षं ऐकत होतो.

धंदा मला सापडला तो एका लग्नात, आणि तोही दुसऱ्याचा घसा बसला म्हणून. गेणू म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या मुलीचं लग्न. आपल्याकडे मुहूर्त साडेबाराचा असला तरी लग्न मान्यवर संपल्यावर लागतं. माईकवाला एकेकाचं नाव पुकारतो, आला त्याचं स्वागत करतो, आणि ज्याचं नाव राहिलं तो न जेवता मोटारसायकलला किक मारतो. त्या दिवशी माईकवाल्याच्या तोंडून नुसती हवा येत होती. गेणूनं माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाला, “तुला समदी पावणं म्हाईत हायेत, राव. घे.”

मी घेतला. मंडपात नजर टाकली तर सगळा माझाच बस्ता बसला होता. कोण मोठा मामा, कोण धाकटा, कुणाचा मान डावलला तर मांडव जळेल, मला चिठ्ठीची गरजच नव्हती. दीड तासात मी एकशे ऐंशी नावं घेतली आणि एकही माणूस उपाशी गेला नाही. त्याच मंडपात मला पुढची तीन लग्नं मिळाली.

वर्षभरात मी दोन तालुक्यांचा निवेदक झालो. माझं यश कशात होतं ते सांगतो, कारण पुढे नाक कापलं गेलं तेही त्यातच. मी कुठलंही नाव अर्धं वाचत नसे. चिठ्ठीत ‘मा.’ असेल तर ‘माननीय’, ‘प्रा.’ असेल तर ‘प्राध्यापक’, ‘ह.भ.प.’ असेल तर पूर्ण ‘हरिभक्त परायण’. लोकांना आपल्या नावाआधी लांबलचक काहीतरी ऐकायला फार आवडतं. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याला मी ‘युवा नेतृत्व’ करायचो, पन्नाशीचा असला तरी. निवडणूक हरलेल्याला ‘भावी सरपंच’. सगळ्या तालुक्याला पदव्या वाटत मी हिंडत होतो, फक्त स्वतःची शिल्लक नव्हती.

गुरुजींना हे कळलं तेव्हा ते पाणीसुद्धा न पिता उठले. माझा जावई भोंग्यावर ओरडतो, असं ते म्हणाले. परीक्षेचा फॉर्म टेबलावर ठेवला आणि तेजस्विनीला सांगून गेले, की जूनच्या आत हा भरून आला नाही आणि तो माईक सुटला नाही, तर या घरचं पाणीही ते पिणार नाहीत. ती दाराशी उभी होती. रात्री मुलं झोपल्यावर एवढंच म्हणाली, “अण्णा एकदा माझ्या हातचं जेवलं असतं, तर बास व्हतं. मला तुमची डिग्री नगं का माईक नगं.” हे ऐकून मला लाज वाटली. पण फॉर्म मी भरला नाही, कारण मेमध्ये अठरा लग्नं होती.

त्यांतलं एक मंचरजवळच्या मंगल कार्यालयात. मुलीकडचे म्हणजे प्रा. कुशाबा घोलप यांचे भाऊबंद. त्यामुळे आलेल्या पाहुण्यांच्या चिठ्ठ्या लिहायला दाराशी खुद्द दोनदा एम.ए. बसलेले. साडेबारा होऊन गेले होते, नवरदेवाच्या मुंडावळ्या घामानं गालाला चिकटल्या होत्या आणि माझ्या पुढ्यात चिठ्ठ्यांचा ढीग. मी एक उचलायचो, वाचायचो, खाली ठेवायचो. डोळे चिठ्ठीवर, तोंड माईकवर, आणि डोक्याचं त्या कामात काही नसायचं. तसंच मी उचललं आणि वाचलं:

“ज्यांनी गुरू म्हणून तीन पिढ्या घडवल्या, असे आमचे सर्वांचे लाडके कैलासवासी बी. कुटे सर यांचे मंडपात आगमन झालेले आहे. त्यांचे हार्दिक स्वागत.”

आधी काहीच झालं नाही. हजार माणसांतल्या नऊशेंना निवेदक काय बोलतो ते ऐकायची सवय नसते. मग पुढच्या रांगेतल्या गोजरबाईनं तोंडाला पदर लावला आणि शेजारणीला विचारलं, कधी गेले म्हणून. दाराशी गुरुजी उभे होते. त्यांना फेटा बांधायचं चाललं होतं, आणि बांधणाऱ्याचे हात अर्ध्यावर थांबले होते. फेट्याचा एक पदर गुरुजींच्या खांद्यावरून खाली लोंबत होता.

चूक झाली की माणसानं गप्प बसावं. पण गप्प बसणं हा माझा धंदा नव्हता. मी म्हणालो, “क्षमस्व. गुरुजी सध्या हयात आहेत, याची सर्वांनी नोंद घ्यावी.”

त्या ‘सध्या’नं मंडप फुटला. बँडवाले वाद्यं मांडीवर ठेवून हसत होते. गुरुजी तसेच, अर्ध्या फेट्यानं, माणसांतून वाट काढीत व्यासपीठाशी आले. मला वाटलं, थोबाडीत देतात. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि न जेवता निघून गेले. माझ्या कारकिर्दीत उपाशी गेलेला पहिला पाहुणा म्हणजे माझा सासरा.

बातमी माझ्या आधी जुन्नरला पोचली होती. तेजस्विनी रडत नव्हती, भांडी घासत होती, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाली, “लोकं म्हणत्यात, मुद्दाम केलं. आठ वर्षांचा राग काढला. आता अण्णा कशाला येत्यात?” मी म्हणालो, चिठ्ठीत तसंच होतं. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मग मी कपाटातून तो परीक्षेचा फॉर्म काढला आणि भरला. शाई पुसट होती तिथे दोनदा गिरवलं. एकतीस वर्षांचा घोडा, हार्दिक स्वागत करता करता पुन्हा दुसऱ्या वर्षाला निघालो होतो. माईकची पिशवी मी मुलांच्या दप्तरांमागे ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनं गुरुजी आले. आम्हाला दोघांनाही वाटलं, संबंध तोडायला आले. ते खुर्चीत बसले नाहीत. हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. तेजस्विनी चुलीपुढे चोरासारखी उभी, कारण त्या दिवशी घरात साधं पिठलं होतं.

“वाढ,” गुरुजी म्हणाले.

तिला काही सुधरेना. “पण अण्णा, ह्यांची डिग्री...”

“अट जिवंत माणसाला असते, तेजू. मी काल गेलो. हजार माणसांनी ऐकलं.”

तिनं वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, पिठलं खाल्लं, मिरचीचा ठेचा मागून घेतला. मासवडीची आठवण काढली नाही. ती शेजारी बसून पदरानं डोळे पुसत होती आणि पुन्हा पुन्हा वाढत होती, आणि ते एकदाही नको म्हणाले नाहीत. मी दारात उभा होतो.

हात धुऊन त्यांनी खिशातून कालची चिठ्ठी काढली. तिच्यावर लाल शाईनं एक गोल होता, उत्तरपत्रिकेवर काढतात तसा. ‘के.’वर कुशाबानं एक मात्रा जास्त दिली होती. ‘कै. बी. कुटे सर.’

“दोनदा एम.ए.,” गुरुजी म्हणाले. “मीच शिकवलं. एक मात्रा जास्त देऊन गुरूला मारलं. तुम्ही, पावणं, जे लिहिलं होतं ते बरोबर वाचलंत.” टेबलावरचा माझा भरलेला फॉर्म त्यांनी उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला. ‘व्यवसाय’ या रकान्यात मी रेघ मारली होती. त्यांनी लाल पेन काढून त्या रेघेवर ‘निवेदक’ असं लिहिलं. लाल शाईचा फॉर्म कुठलंच विद्यापीठ घेत नाही, हे चौतीस वर्षं फॉर्म तपासलेल्या माणसाला ठाऊक होतं.

मग त्यांनी चिठ्ठी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली आणि माझ्या हातात दिली. ‘कै. के. बी. कुटे.’ पुढे तारखेसाठी जागा सोडलेली.

“खरा जाईन तेव्हा दहाव्याला माईक तुमीच घ्या,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून घरातलं ‘तुमी’ मी पहिल्यांदा ऐकलं. “तेव्हा दोन्ही वाचायचं, कै. पण आणि के. पण. कुशाबाला लिहायला देऊ नका. तारीख तेवढी तुमी टाका.”

याला चार वर्षं झाली. बी.ए. बंद आहे, गुरुजी चालू आहेत, आणि दर महिन्याला मासवडी मला उरत नाही. चिठ्ठी माझ्या पाकिटात असते. माझ्या धंद्यात कोरी जागा दिसली की मी काहीतरी भरून मोकळा होतो. ही एक जागा मात्र कोरी राहावी असं मला फार वाटतं.