बिनबियांचा खजूर

अमिरातीत, रास अल खैमातल्या त्या जुन्या बैठ्या व्हिलांच्या रांगेत वासंतीच्या परसाला तोड नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. ऑगस्टात लोक एसी सोडून उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत, तेव्हा ही बाई भल्या सकाळी घामाने निथळत भेंडी, मिरच्या आणि लिंबं तोडत असायची. मग दिवसभर लोणची, ताकातल्या सांडगी मिरच्या, बरण्यांवर बरण्या. नवरा उपेंद्र सिरॅमिकच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो म्हणायचा, "आपण घर नाही, गोडाऊन भाड्याने घेतलंय."

पण या सगळ्या खटाटोपात खरा मान होता तो खजुराच्या पाकाला. पिकलेला खजूर मोठ्या टोपात शिजवायचा, फडक्यातून पिळून काढायचा आणि काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा. हे एकटीचं काम नव्हे. भिंतीपलीकडची शहरबानू त्यात बरोबरीने राबायची. ती मूळची श्रीवर्धनची. झाडांचीही वाटणी होती: मादी झाड वासंतीच्या अंगणात, नर शहरबानूच्या. नराचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधल्याशिवाय खजूर धरत नाही. म्हणून दर फेब्रुवारीत वासंती भिंतीवरून हाक मारायची आणि शहरबानूचा नवरा अजीज तुरे घेऊन, शिडी लावून चढायचा. ऑगस्टात पाकाच्या निम्म्या बाटल्या शहरबानूच्या बॅगेतून श्रीवर्धनला जायच्या.

यंदा जानेवारीत शहरबानूच्या मुलीची, सुमैय्याची मंगनी झाली. त्या जेवणासाठी शहरबानूने वासंतीचा पाकाचा टोप मागून नेला आणि आरशासारखा लख्ख घासून परत आणला. वासंतीने दारातच विचारलं, "यात मटण शिजवलंस का गं?"

"हो ताई, बिर्याणी केली. दोनदा उकळत्या पाण्याने धुतलाय."

"मग राहू दे आता तुझ्याकडेच."

एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. शहरबानूचा चेहरा उतरला, ती टोप उचलून निघून गेली. वासंतीची मुलगी अस्मी तेवढी आतून म्हणाली, "आई, दॅट वॉज सो रूड. इट्स जस्ट अ पॉट." वासंतीने तिलाच झापलं. आपण काही वाईट बोललो हे तिला तेव्हा पटलं नाही. सोवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला ते बोलणं साधंच वाटलं.

फेब्रुवारीत एका सकाळी भिंतीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं दिसलं. आत काय आहे हे वासंतीला पक्कं माहीत होतं. पण ती फणफणली. हाक नाही, बोलणं नाही, भिक्षा घातल्यासारखं भिंतीवर ठेवायचं? हातात द्यायला काय झालं होतं? उपेंद्र म्हणाला, "अगं, उचल ते, नाहीतर जाऊन विचार तरी." ती हटून बसली. पुडकं उन्हात वाळलं, वाऱ्याने फाटलं, आणि तुऱ्यांची पिवळी भुकटी भिंतीवर सांडून गेली.

ऑगस्टात त्याचं फळ समोर आलं. घड लोंबत होते, पण खजूर बोराएवढे, हिरवे, बिनबियांचे. पिकायचं नाव नाही. त्याच आठवड्यात उपेंद्रने बातमी आणली की अजीजची नोकरी संपली आणि दोघं कायमची श्रीवर्धनला चाललीत.

टोपाचं ते बोलणं वासंतीला मागाहून खुपत राहिलं होतं. मनात तिने कधीचं ठरवलं होतं, पाकाची बाटली घेऊन जायचं आणि माफी मागायची. रिकाम्या हाताने जाण्याचा धीर तिला नव्हता. तिने तो हिरवा खजूरच शिजवायला घातला. गूळ घातला, वेलची घातली. जीभ ओढून धरणारा तुरट चोथा झाला. "हा पाक तू शत्रूला दे," उपेंद्र म्हणाला.

शेवटी लोणचं आणि सांडगी मिरच्या घेऊन ती पलीकडे गेली. घरभर खोकी पसरली होती. शहरबानूने तिला बघितलं आणि लगबगीने खुर्चीवरचे कपडे बाजूला केले. "या ताई, बसा ना."

"यंदा पाक झाला नाही गं," वासंती म्हणाली.

"का? मी तुरे ठेवले होते ना भिंतीवर? मिळाले नाहीत?"

"मिळाले होते. मी उचलले नाहीत." वासंतीने हातातल्या बरण्या एका खोक्यावर ठेवल्या. "आणि त्या टोपाचं मी जे बोलले ना, ते मी बोलायला नको होतं. फार वाईट बोलले मी. माफ कर मला."

शहरबानूने तिचा हात धरला. "खलास ताई, मी ते कधीच सोडून दिलं. पडोसमध्ये असं होतंच. थांबा, चहा टाकते."

वासंतीला इतकं हलकं वाटलं की तिने डोळे पुसले. उगाच इतके महिने घालवले, असं तिच्या मनात आलं.

शहरबानू किटली घेऊन आली. टेबलावर धुतलेले चिनीमातीचे कप मांडून ठेवले होते. त्यातल्या एकात तिने स्वतःसाठी चहा ओतला. मग खोक्यातून कागदी कपांचं नवं पाकीट काढलं, वासंतीसमोर फोडलं आणि त्यातला एक कप भरून पुढे केला.

"घ्या. कप कोरा आहे, कुणाचा हात लागलेला नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर वासंतीने तो आनंदाने ऐकून घेतला असता. शहरबानूच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती.

"मला त्यातला दे ना गं," वासंतीने धुतलेल्या कपांकडे बोट दाखवलं.

"नको ताई. त्यात आम्ही बकऱ्याच्या पायांचं सूप पितो. तुम्हाला चालायचं नाही."

"चालेल. मला चालेल गं."

शहरबानू हसली, आणि ते कप एकेक करून कागदात गुंडाळायला लागली.