भावोजींच्या बॅटऱ्या

नवरा गेला आणि दिरानं तिला दोघा भावांच्या पडद्यांच्या दुकानातून बाहेर काढलं. सासूबाईंनी तर तिची बॅग स्वतःच्या हातानं उंबऱ्याबाहेर ठेवली. पुढे ती सोलरचं काम शिकली, नाव कमावलं, पण मनात धरलेला डूख काही गेला नाही. आता त्याच दिरानं तिला घरी सोलर आणि बॅटऱ्या बसवायला बोलावलं होतं. घरचं माणूस, स्वस्तात करेल, हा त्याचा कावा.

"रोज संध्याकाळी वीज जाते. तेव्हा काय काय चालवणार, भावोजी?"

"पंखे, फ्रिज, दिवे. टीव्ही तर हवाच."

मागच्या खोलीत सासूबाई नाकाला नळी लावून पडल्या होत्या. शेजारी श्वासाचं यंत्र घरघरत होतं. ते या बाबाला आठवलंच नव्हतं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिराची एक खोड तिला पाठ होती. गिऱ्हाइकाला तो लागेल त्याच्या दुप्पट कापड सांगायचा. चोराच्या मनात चांदणं, म्हणून दुसऱ्या कुणीही आकडा सांगितला की त्याचं निम्मं करायचा. या खोडीच्या भरवशावरच तर ती आनंदानं आली होती. बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, आणि निम्म्याच बॅटऱ्यांवर सगळं घर चालवलं की नेमकं तेच होतं. खरा आकडा सांगायचा आणि गंमत बघायची, एवढंच काम होतं. पण म्हातारीच्या श्वासाचं काय? राग तिच्यावरही होता, पण म्हणून कुणी जीव घेत नाही.

"आईंचं यंत्र वेगळ्या बॅटऱ्यांवर ठेवू. नाहीतर तुमचा टीव्ही मध्येच बंद पडेल."

टीव्हीचं नाव काढताच गडी तयार झाला.

"घराला आठ लागतील," तिनं खरं तेच सांगितलं. "कमी केल्यात तर लवकर बसतील. आणि आईंना चार." तिथं खरं तर दोन पुरत होत्या.

"वहिनी, मला शेंडी लावता? घराला चार, आईला दोन. बास."

"तुम्ही म्हणाल तसं," ती लोण्यासारख्या आवाजात म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. घरच्या चारही बॅटऱ्यांनी मान टाकली होती. वीज गेली की सगळे घामानं निथळत बसत होते.

"आणि आई?"

"तिला काय धाड भरलीय? तिचं यंत्र मजेत चालू असतं."

तिला बरं वाटलं. अगदी पोटभर बरं वाटलं.

"आता नव्या किती घेऊ?"

"आठ."

पलीकडून कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. मग दीर म्हणाला, "चार घेतल्या तर?"

"घ्या की," ती म्हणाली.