कुत्र्याची विद्या

फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात विद्येचं नाव लिहायचं होतं, आणि होंग साहेबांचं पेन तिथंच अडलं.

"कुत्र्याची?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कुत्र्याची," किमतिन म्हणाली.

होंग साहेब जिल्ह्याच्या क्रीडा कचेरीतून आले होते. डोंगरातल्या गावागावांत झुंजायच्या ज्या जुन्या विद्या उरल्यात त्या शोधून त्यांची यादी करा, असा वरून हुकूम होता. यादीत नाव लागलं की गावच्या तालमीवर सरकारी पाटी लागणार आणि उघड शिकवायची मुभा मिळणार. जुन्या विद्यांवर बंदी आल्यापासून खेताऊ गावात ही विद्या दहा वर्षं चोरून चालली होती. दाराला कडी लावून, चहा वाळवायच्या खोलीत, बांबूच्या परड्या बाजूला सारून. किमतिन आता एकसष्ट वर्षांची होती. आपल्यामागे कुणी कडी लावून शिकवत बसेल असा तिला भरवसा नव्हता. त्यामुळे विद्येचं नाव सरकारदरबारी लागावं, ही तिची फार इच्छा होती.

साहेबांनी डाव पाहिले. नऊ पोरी, सगळ्या चहाची पानं खुडणाऱ्या. चुना, तांबडी माती आणि वाळू कुटून केलेल्या जमिनीवर त्या धपाधप पडत होत्या, कुत्र्यासारख्या लोळत होत्या, पाठीवर पडल्या पडल्या दोन्ही पायांची कात्री करून समोरचीला आडवं करत होत्या. साहेबांनी मान डोलावली, तीन छोट्या वाट्या चहा घेतला आणि मग मुद्द्यावर आले. नाव बदलू, कमळाची विद्या म्हणू. हे लोळणं काढून टाकू, मंचावर बरं दिसत नाही. उभ्याचे चार डाव बसवायला मी माणूस पाठवतो. शरदातल्या सणाला जिल्ह्याच्या मंचावर दाखवा, म्हणजे यादीत नाव लागलंच समजा.

"साहेब, ह्या विद्येत उभ्याचे डाव नाहीत."

"नसले तर घालू की. त्यात काय, मावशी?"

त्यात काय, ते साहेबांना सांगून कळण्यासारखं नव्हतं. किमतिनला ही विद्या तिच्या नवऱ्याच्या आजीनं शिकवली होती. त्या म्हातारीचे पाय जुन्या रीतीप्रमाणे लहानपणी बांधलेले, मूठभर राहिलेले. चुलीपासून विहिरीपर्यंत जायचं तर ती भिंत धरून जाई. अशी बाई उभी राहून कुणाशी झुंजणार? पहिल्या धक्क्यालाच ती खाली यायची. म्हणून तशा बायकांनी ठरवलं की पडायचंच आहे तर आपल्या मर्जीनं पडू, आणि पडल्यावर भांडण सुरू करू. नव्या पोरीला पहिले तीन महिने एक ठोसासुद्धा शिकवायचा नाही. नुसतं पडायचं. आधी भाताच्या तुसावर, मग वाळूवर, मग दगडी फरशीवर. आणि ठणकेल तिथं तांदळाच्या दारूत मुरवलेली मुळं चोळायची. म्हातारी खुर्चीत बसून किमतिनला बजावायची, उठायची घाई करू नकोस, तू उठलीस की ते तुला पुन्हा पाडतील. आता हीच विद्या उभी करून दाखवायची म्हणजे त्या म्हातारीला तिच्या त्या पायांवर नाचवायचं.

पण गावचा कारभारी थिआनहाय साहेबांना आधीच हो म्हणून बसला होता. तो किमतिनच्या दिराचा मुलगा. माणूस वाईट नव्हता, पण जिल्ह्याच्या माणसापुढं त्याची मान आपोआप हलायची.

"काकू, पाटीवर कुत्रा लिहिला तर बाहेरगावचे हसतील," तो म्हणाला. "पोरींची लग्नं व्हायचीत अजून."

"मी चाळीस वर्षं कुत्र्याचीच आहे. माझा संसार झालाच ना? तुझ्या काकानं कधी आवाज चढवला नाही माझ्यावर."

"चढवेल कसा? घाबरून होता तो."

"मग झालं तर."

जमलेले लोक हसले. थिआनहायही हसला आणि हसत हसतच त्यानं फॉर्मवर गावाचा शिक्का मारला. तिसऱ्या रकान्यात कमळ होतं.

उन्हाळाभर साहेबांचा माणूस येऊन पोरींना शिकवत राहिला. उंच लाथा, गिरक्या, शेवटी हात जोडून कमळासारखी बोटं. गुलाबी रेशमी कपडे आले. पोरी हरखल्या. किमतिन उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत बघायची, पण तिनं कुणाला अडवलं नाही. तिची सगळ्यांत तयार पोर आलुआन एकदा खाली मान घालून विचारायला आली, वस्ताद, जाऊ का मी? किमतिन म्हणाली, जा, जिल्हा बघून ये. फक्त त्याला माझी विद्या म्हणू नकोस.

सणाच्या दिवशी सगळं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जिल्ह्याला गेलं. पोरींच्या कमळाला टाळ्या पडल्या. मग खुल्या लढती सुरू झाल्या. कुणीही यावं, नाव सांगावं, लढावं. मंचाच्या कडेला एक कारकून मोठं रजिस्टर घेऊन बसला होता. किमतिन उठून त्याच्यापाशी गेली आणि ह्यात काय काय लिहितोस म्हणून विचारलं. तो म्हणाला, नाव, गाव, विद्या, जिंकला की हरला. संध्याकाळी शिक्का बसला की रजिस्टर प्रांताला जातं.

"विद्येचं नाव कोण सांगतं?"

"लढणारा सांगेल ते. नियमच आहे."

"मग माझं लिही."

कारकुनाला वाटलं म्हातारी नातवाचं नाव देतेय. तोवर किमतिननं चपला काढल्या होत्या.

तिच्यासमोर जिल्ह्याच्या संघातला बुनहो आला. चोविशीचा गडी, पांढरं रेशीम घातलेला, दोनदा ढाल जिंकलेला. त्यानं अदबीनं हात जोडले आणि आजी, सांभाळून, म्हणाला. पंचानं नियम सांगितला. पाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की एक पाडाव. तीन पाडाव म्हणजे हार.

पंचानं हात खाली केला आणि किमतिन पाठीवर पडली. आपणहून.

लोक खो खो हसले. पंचानं एक बोट वर केलं. बुनहो जवळ येईना, तशी ती उठली, पाठ झटकली, पुन्हा पडली. दोन बोटं. मागून कुणीतरी ओरडलं की म्हातारीला झोप आलीय, उशी द्या. थिआनहायनं तोंड फिरवलं. होंग साहेब पंचाला हातानंच खुणावत होते, आवरा हे.

किमतिन तिसऱ्यांदा पडली आणि या वेळी पंचानं बोट वर करायच्या आत बुनहो पुढं सरकला. लोक तिला हसत होते की त्याला, हे त्याला कळेना. उभ्या माणसाशी कसं लढायचं ते त्याला ठाऊक होतं, पण पडलेल्या म्हातारीचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं पायानंच तिला कडेला लोटायला पाहिलं. तो पाय जमिनीवर परत टेकलाच नाही. तिची एक टाच त्याच्या घोट्यामागं गेली, दुसरी गुडघ्यावर बसली, ती कुशीवर वळली आणि तिच्या वळण्याबरोबर तो गडी तोंडावर आदळला. तो हातांवर उठू बघायचा आणि ती नुसती कंबर हलवायची, की तो परत खाली. चौथ्यांदा त्यानं उठायचा नाद सोडला आणि तळहातानं जमीन थोपटली.

पंच तोवर वर केलेल्या आपल्या तीन बोटांकडं बघत राहिला.

होंग साहेब मंचावर आले. नियम तो नियम, म्हणाले, खेताऊच्या बाई तीनदा आधी पडल्या. हार त्यांची.

किमतिन उठून बसली. "बरोबर आहे. हरले मी. लिहा."

कारकुनानं साहेबांकडं पाहिलं. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, कमळाची विद्या, खेताऊ.

"कमळवाल्या पोरी मघाशीच नाचून गेल्या, साहेब. त्या कुणाशी हरल्या नाहीत," किमतिन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "हरली ती कुत्र्याची. माझी हार दुसऱ्याच्या नावावर कशी घालता?"

आता लोक हसले ते साहेबांना. पंच शेजारच्या खोऱ्यातला जुना माणूस होता. तो घसा साफ करून म्हणाला की विद्या लढणारा सांगेल तीच लिहायची, असं आपल्याच पत्रकात छापलंय. साहेब दुसरीकडंच काहीतरी काम निघाल्यासारखे निघून गेले. कारकुनानं लिहिलं. किमतिन त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. एकेक अक्षर पुरं होऊन शाई वाळेपर्यंत ती हलली नाही.

खाली उतरल्यावर थिआनहायनं तिला गाठलं. "हरल्याच्या रकान्यात नाव लागून पाटी मिळत नसते, काकू. काय मिळवलंस?"

"पाटी तुझ्या कमळाला लाव. मी माझ्या अंगणात दार उघडं टाकून शिकवीन. कुणी विचारलं तर सांग, प्रांताच्या रजिस्टरात आहे ती."

"हरलेली म्हणून."

"हरलेली म्हणून. पण आहे."

ट्रॉली सुटायला वेळ होता. किमतिन मैदानाच्या कडेला बसून चपला घालत होती, तेवढ्यात बुनहो लंगडत आला. मागून त्याचा वस्ताद त्याला हाका मारत होता. ओ न देता त्यानं विचारलं, तो गुडघ्याचा पेच कसा घातलात?

"तो तीन महिन्यांनी," किमतिन म्हणाली. "आधी पड."

"इथं?"

खाली कलिंगडाच्या बियांची टरफलं होती, उसाची चोयटी होती, सांडलेल्या चहाचा चिखल होता. बुनहोनं आपल्या पांढऱ्या रेशमाकडं पाहिलं, वस्तादाकडं पाहिलं, कडेनं जमू लागलेल्या लोकांकडं पाहिलं. आणि तो पडला.

"हातावर पडलास," किमतिन म्हणाली. "मनगट मोडेल. पुन्हा पड."